म्हशीकडून आलेला ताप

गुरांचा डॉक्टर म्हणून माझी सोनाळ्याजवळच्या एका गावी बदली झाली, तेव्हा तिथे ओळखीचं एकही माणूस नव्हतं. पहिल्याच महिन्यात एका शेतकऱ्याची म्हैस गाभडली, रेडकू दिवस भरण्याआधीच मेलेलं पडलं आणि जार, म्हणजे वार, आत अडकली. हातमोजे मी दवाखान्यातच विसरलो होतो. एरवी लोकांवर मोज्यांवरून खेकसतो, पण त्या दिवशी उघड्या हातानेच जार काढली.

पुढे रोज संध्याकाळी ताप चढू लागला. रक्तात ब्रुसेला निघाला, त्या म्हशीचाच जंतू. याच्या बाहेरच्या पापुद्र्यात अशी प्रथिनं असतात की त्याला गिळणाऱ्या आपल्या संरक्षक पेशींनाच ती धोक्याची ओरड करू देत नाहीत. मग तो त्यांच्यातच बिऱ्हाड थाटतो.

आजारपणात माझ्या दारी यायचा तो फक्त म्हशीचा मालक. रोज संध्याकाळी डब्यात भाकर-भाजी आणायचा, मी जेवेपर्यंत बसायचा. म्हैस वेगळी बांध, सगळ्यांनी दूध उकळून प्या, घरच्यांचं रक्त तपासून घे, सगळं मी त्याला बजावलं.

"पण तुमाले ताप काऊन येऊन राह्यला?" त्याने विचारलं.

"पाणी बदललं," मी म्हणालो. खरं कळलं असतं तर तो शरमेने यायचा थांबला असता.

औषधं संपली, ताप गेला. त्याने माझ्या कपाळाला हात लावला आणि खूश होऊन म्हणाला, "आता बरे झाले ना बाप्पा तुमी!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडंच ठेवलं होतं. तो आला नाही.