भुजंग वाव्हळे यांची तिसरी मुलाखत

झरी सोडून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आत एक गाव आहे. तिथल्या हायस्कुलात क्रीडाशिक्षकाची एक जागा होती आणि ती अनुसूचित जातीसाठी राखीव होती. संस्थेचे अध्यक्ष तात्याराव. त्यांना ही जागा भाच्यासाठी हवी होती. भाचा तेव्हा अजून शिकत होता, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती.

भुजंग किशनराव वाव्हळे हा त्याच गावच्या बौद्ध वस्तीतला. विद्यापीठाच्या खो-खो संघातून चार वर्षं खेळलेला, पुढं बी.पी.एड. केलेला. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत वस्तीतली अकरा घरं पेटवली गेली, त्यात याचंही गेलं, आणि घराबरोबर मॅट्रिकची सनदही. तिची दुसरी प्रत काढायला त्याला दीड वर्ष खेटे घालावे लागले. पण घालून झाल्यावर तो म्हणाला काय, तर बोर्डातला कारकून फार भला माणूस होता. असा हा माणूस. जगात जे काही छापील असतं ते खरंच असतं, आणि जो प्रश्न विचारला जातो तो उत्तर ऐकायलाच विचारलेला असतो, असं त्याला मनापासून वाटायचं. एवढ्या एका खोडीपायी त्याचं आयुष्य मातीत गेलं, आणि ज्यांनी ते घातलं त्यांना त्यासाठी बोटसुद्धा उचलावं लागलं नाही.

पहिली मुलाखत शहाऐंशीच्या जूनमध्ये झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलामागं तिघं होते. मधोमध तात्याराव, एका बाजूला मुख्याध्यापक, आणि दुसऱ्या बाजूला परभणीहून मुद्दाम आणलेले तज्ज्ञ माणिकराव. हे कुठल्याशा कॉलेजात खेळ शिकवायचे. म्हणजे हजेरी घ्यायचे.

तात्यारावांनी बी.पी.एड.ची सनद हातात धरून विचारलं, "विद्यापीठ कोणतं म्हणायचं हे?"

बाहेर त्या वर्षांत या एका प्रश्नावर डोकी फुटत होती. भुजंगने सनदेवर छापलेलं नाव वाचून दाखवलं.

"आन् नावाचा आग्रह न्हाई ना काई तुमचा?"

भुजंग सनदेवरचं नाव पुन्हा वाचू लागला. तात्याराव हसून म्हणाले, "न्हाई, आपलं सहज विचारलं." मग त्यांनी माणिकरावांकडं पाहिलं. माणिकरावांनी खिशातून कागद काढला. प्रश्न कुठल्याशा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून उतरवलेला होता: आंतरराष्ट्रीय रग्बीमधील उत्तर गोलार्ध व दक्षिण गोलार्ध यांतील संघांची तुलना करा.

परभणी जिल्ह्यात रग्बीचा चेंडू कुणी बापजन्मात पाहिला नव्हता. भुजंगने नाव ऐकलं होतं, तेवढंच. तो खरं ते बोलला, "माहीत नाही, सर."

"खेळाचा मास्तर व्हायलाव आन् खेळ म्हाईत न्हाई?" तात्याराव म्हणाले. मुख्याध्यापकांनी खेदाने मान हलवली. माणिकरावांनी कागद घडी करून खिशात टाकला.

दुसरा कुणी असता तर बाहेर येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडली असती. भुजंग शरमेनं अर्धा झाला. घरी येऊन बायकोला, सत्यशीलेला म्हणाला, "चूक माझीच हाय. माझा अभ्यास कमी पडला."

तेव्हापासून तो रग्बीच्या मागं लागला. परभणीला कृषी विद्यापीठाच्या शेतावर तो रोजंदारीनं जायचा. दुपारची भाकरी उभ्या उभ्या खाऊन ग्रंथालयात पळायचा. तिथल्या एका म्हाताऱ्या शिपायानं त्याला इंग्रजी पेपरांची जुनी चळत उघडून दिली. डिक्शनरी मांडीवर घेऊन तो एकेक ओळ लावायचा आणि शंभर पानी वहीत उतरवायचा. पंधरा गडी असतात, चेंडू लांबोडा असतो, हातानं द्यायचा तर मागंच द्यायचा, पुढं दिला की चूक.

सत्यशीला सातवीपर्यंत शिकली होती. ती चुलीपुढं बसून वही समोर धरायची आणि त्याची तोंडी परीक्षा घ्यायची.

"चेंडू मागं द्यायचा आन् आपण पुढं पळायचं?" ती म्हणाली. "कसला म्हणायचा ह्यो खेळ?"

"तसाच हाय. तू पुढचं इचार."

"उत्तरेकडचे पाच सांगा."

"इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, फ्रान्स. दरसाल एकमेकांशी खेळतात."

शेजारच्या सुलाबाईला वाटायचं, हा परदेशात नोकरीला निघालाय.

दुसरी मुलाखत एकोणनव्वदला झाली. टेबल तेच, माणसं तीच, आणि प्रश्नही तोच. भुजंगला आनंदानं हसू फुटलं. देव मानत नव्हता, नाहीतर त्यानं नारळ फोडला असता. त्यानं पाच संघ सांगितले, दक्षिणेकडचे सांगितले, नियम सांगितले. माणिकराव गडबडले. याचं खरं-खोटं कसं करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुस्तकात प्रश्न होता, उत्तर मागच्या पानावर होतं आणि मागचं पान त्यांनी उतरवलंच नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "तुम्ही एखादा सामना पाहिलाय का?"

"नाही, सर."

"मग न पाहिलेल्या गोष्टीवर शिक्षकानं बोलू नये."

भुजंगला हेही पटलं. पटायचंच त्याला. सामना पाहणं तर शक्य नव्हतं, म्हणून त्यानं ऐकायचं ठरवलं. वडिलांचा जुना ट्रान्झिस्टर त्यानं दुरुस्त करून घेतला. सेल उतरले की सत्यशीला ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायची आणि पुन्हा चालवायची. एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात रग्बीचा दुसरा विश्वचषक झाला, तेव्हा खरखरीतून, विलायती उच्चारांशी झटापट करत त्यानं मिळेल तो सामना ऐकला. वेल्सचा संघ आपल्याच घरी पश्चिम सामोआ नावाच्या टिकलीएवढ्या बेटाकडून हरला, त्या दिवशी त्यानं सत्यशीलेला चुलीपुढून उठवून बाहेर आणलं आणि ते सांगितलं. अंतिम सामना दिवेलागणीनंतर लागला. ऑस्ट्रेलिया बारा, इंग्लंड सहा. वही भरली. तिसरी मुलाखत जानेवारीत होती, आणि पस्तिशीला आलेल्या भुजंगला यंदा नोकरी लागणारच याची खात्री होती. सत्यशीला तेव्हा दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जात होती. यंदाच्या वेचणीनंतर रान बंद, असं तिनं सगळ्या बायांना सांगून ठेवलं.

साल ब्याण्णव उजाडलं होतं, विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून दोन वर्षं होती. जानेवारीतल्या त्या सकाळी भुजंग इस्त्रीचा शर्ट घालून तिसऱ्यांदा त्याच खुर्चीवर बसला. माणिकरावांनी खिशातून कागद काढला आणि तोच प्रश्न वाचला. या वेळी त्यांनी वर मानही केली नाही.

"सांगू, सर?"

"सांगा की. वेळ हाय आपल्याला," तात्याराव म्हणाले आणि त्यांनी चहा सांगितला. तिघांपुरता.

भुजंग बोलायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत त्या दिवशी जे शिकवलं गेलं तसं त्या शाळेत आधी कधी शिकवलं गेलं नव्हतं. तो म्हणाला, उत्तरेकडं मैदान कायम ओलं, थंडी, चिखल. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात कबड्डी खेळून बघा, पाय उचलत नाही. म्हणून ते लोक एकमेकांना धरून राहतात, रेटतात, आणि चेंडू लाथेनं लांब मारतात. दक्षिणेकडं मैदान कोरडं, मुरमाड म्हणा. तिथं पळता येतं. म्हणून न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया चेंडू हातोहात फिरवतात. पहिला विश्वचषक न्यूझीलंडनं फ्रान्सला हरवून नेला, दुसरा ऑस्ट्रेलियानं. म्हणजे दोन्ही दक्षिणेला. पण सर, इंग्लंडचं काय चुकलं ते बघण्यासारखं आहे. त्यांच्या लाथेच्या खेळाला लोक हसले, तर त्यांनी नेमका अंतिम सामन्यात आपला खेळ सोडला आणि दक्षिणेसारखे पळायला गेले. तिथंच हरले. मुलांना मी हे शिकवीन. कुणी हसलं म्हणून आपला खेळ सोडायचा नसतो.

मुख्याध्यापक कप तसाच धरून ऐकत होते. पंधरा मिनिटं झाली असतील. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस आपल्या शाळेत असता तर बरं झालं असतं. वाटलं आणि त्यांनी चहा पिऊन टाकला.

"झालं?" तात्यारावांनी विचारलं.

"एक राहिलं, सर. दक्षिणेचा तिसरा संघ. दक्षिण आफ्रिका. लय तगडा. पण दोन्ही विश्वचषकांत तो नव्हता, म्हणून ही तुलना अर्धीच आहे."

"का नव्हता?"

"बाकीच्यांनी त्याला बाहेर ठेवलंय. तिथं काळ्या लोकांना गोऱ्यांच्या संघात घेत नाहीत. काळा कितीही चांगला खेळो, निवडणारे सगळे गोरेच. ते म्हणतात, योग्य खेळाडू मिळाला नाही."

तो हे माहिती म्हणून बोलला होता. बोलून झाल्यावर त्याच्या कानावर पडलं, आपण कुठं बसून कुणाला काय सांगितलं ते. त्याचा चेहरा उतरला.

तात्यारावांनी त्याच्याकडं सावकाश पाहिलं. मग माणिकरावांकडं पाहिलं. माणिकराव कढईच्या बुडासारखे काळे होते.

"म्हंजी आपुन गोरे झालो की, माणिकराव," तात्याराव म्हणाले आणि पोट धरून हसले. माणिकराव हसले. मुख्याध्यापकांना हसायचं नव्हतं, तेही हसले. भुजंग हात जोडून सांगायला लागला की सर, तसं नव्हतं म्हणायचं, मी रग्बीचंच बोललो. तो जितकं समजावून सांगे तितके ते हसत. डोळ्यांतलं पाणी पुसत तात्याराव म्हणाले, "निघा आता, भुजंगराव. लय दिवसांनी करमणूक झाली."

बाहेर कारकुनाच्या टेबलावर बन्सीधर बसला होता. तीनही मुलाखतींची कागदपत्रं यानंच केलेली. त्यानं हजेरीचा कागद पुढं सरकवला. भुजंगनं सही केली. बन्सीधरनं शाई वाळली का ते बोटानं बघितलं, कागद फायलीत लावला आणि मगच बोलला.

"आता नको येत जाऊ, भुजंगा."

"का? पुढच्या बारीला त्या आफ्रिकेचं न्हाई बोलणार मी. तेवढंच चुकलं. बाकी बरोबर आलं समदं."

बन्सीधरनं इकडंतिकडं पाहिलं आणि फाइल त्याच्याकडं फिरवली. वरच्या कागदावर टाइप केलेलं होतं: मुलाखत घेतली असता योग्य उमेदवार आढळून आला नाही. खाली आजची तारीख. कागद सकाळी, भुजंग यायच्या आधी टाइप झालेला.

"ह्याच्या आधीच्या दोन्ही बाऱ्यालाबी असंच केलं. मी फकस्त तारीख बदलतो," बन्सीधर म्हणाला. "प्रश्नबी तोच ठिवला, नवा कोण शोधायलाय. राखीव जागेला तीनदा जाहिरात द्यायची, तीनदा मुलाखत घ्यायची, तीनदा माणूस मिळाला न्हाई म्हणून वर कळवायचं. मंग परवानगी येती आन् जागा खुली होती. तात्यांचा भाचा औंदा पास झाला. जूनला लागंल त्यो."

भुजंगनं तीन बाऱ्या बोटांवर मोजल्या.

"आन् मुलाखतीला कुणी आलंच नसतं तर?"

"उमेदवारच न्हाई तर मुलाखत झाली कशी म्हणायची? हजेरीवर उमेदवाराची सही नसंल तर वर चालत न्हाई. तिघं तुझ्यासंगं आले हुते पयल्या बारीला. त्यायला प्रश्न ऐकूनच कळलं, पुन्हा फिरकले न्हाईत. दुसऱ्या आन् तिसऱ्या बारीला तू एकलाच."

"म्हंजी मी आलो न्हसतो तर जागा आपलीच ऱ्हायली असती."

"मोकळी ऱ्हायली असती. पर तुमचीच," बन्सीधर म्हणाला. त्यानं फाइल बंद करून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

भुजंग शाळेच्या मैदानातून घरी निघाला. मैदान मोठं आणि सपाट होतं, कडेला बाभळी होत्या. कुठं खो-खोचे खांब रोवायचे हे त्यानं सहा वर्षांपूर्वीच मनाशी ठरवलेलं होतं. आज त्यानं तिकडं बघितलं नाही.

सत्यशीला दारात उभी होती. त्या दिवशी ती वेचणीला गेलीच नव्हती.

"काय इचारलं?"

"तेच."

"आलं का?"

काय सांगायचं होतं तिला? सहा वर्षं अभ्यास करून आपण आपल्याच हातानं, आपल्याच सहीनं वस्तीची एक जागा घालवून आलो?

"समदं आलं," तो म्हणाला.

सत्यशीलेला तेवढं पुरे होतं. आत जाऊन तिनं डब्यातली गुळाची ढेप काढली, बत्त्यानं फोडली, ताटलीत खडे घेतले आणि पदर सावरत सुलाबाईच्या दारात गेली. तिथून पुढच्या दारात, तिथून पुढच्या. भुजंग ओट्यावर बसून बघत राहिला.

सुलाबाई गुळाचा खडा तोंडात टाकून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. म्हातारीचे डोळे भरून आले होते. तिचंही घर अठ्ठ्याहत्तरला जळालं होतं.

"आपल्या वस्तीचा मास्तर झाला म्हणायचा," ती म्हणाली. "कवापासून रं बाबा?"

भुजंगनं खाली बघत सांगितलं, "जूनपासून."