बशीतला ओरखडा

त्या दिवशी सकाळी पुतळावयनीचा पाय बुटात जाईना. कंपनीचा पांढरा रबरी बूट, ढोपरापर्यंतचा. हिरामनदादा स्कूटर चालू करून दारात उभा. वयनी ओट्यावर बसलेली, पायाला दुधाची पिशवी गुंडाळलेली, वरून मोजा.

"नको जाऊ गो आज," दादा बोलला.

"मंग तुमी जा माज्या जागेवर. बाटल्या धुवाल? अर्ध्या तासात बोलाल, मना चा पायजे."

दादाला हसू आलं. त्यानीच खाली बसून बूट वडून घातला. वयनी ओरडली नाय. साखरेमुळं तिला त्या पायाला काय कळायचंच नाय. अंगठ्याखाली जखम कधी झाली ते पन तिला ठावं नव्हतं. लादीवर डाग दिसले तवा कळलं.

कंपनी पावणे गावातच, एमआयडीसीत. छोटीशीच. वयनी तिथं लॅबची भांडी धुवायची, लादी पुसायची, नि बारक्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फाबरोबर भरायची. त्या बाटलीत बघाल तर काय दिसत नाय, तळाला नुसतं धुकं बसल्यासारखं. ते प्रोटीन. मानसाच्या अंगात असतं तेच, पन ही लोकं ते जंतूंच्या पोटात वाढवून काढतात. दुसऱ्या लॅबवाले शोध लावायला नेतात. बाटलीवर लिवलेलं असतं, मानसाला द्यायचं नाय.

तिथल्या नमितामॅडमचा वयनीवर जीव. एकदा तिनी वयनीला कॉम्प्युटरवर दाखवलं. बशीत मानसाच्या कातडीच्या पेशी वाढवलेल्या, मधोमध सुईनी ओरखडा मारलेला. मंग त्यात ते प्रोटीन टाकलेलं.

"मावशी, हे कालचं. आणि हे आजचं. बघा, ओरखडा बुजला."

वयनी घरी आली ती तेच सांगत. जेवताना पन तेच. दादा भात कालवायचा थांबला.

"मंग तुज्या पायाला लाव ना."

"मानसाला लावायचं नसतं ते. लिवलंय वरती."

"पन हाय तर मानसाचंच ना? तूच बोललीस आता."

वयनीनी पायाकडं बघितलं. डॉक्टर बोललेला मोठ्या हॉस्पिटलात जा, अंगठा काढायला लागेल. वयनीला त्याचीच भीती. तिची आय अशीच, आधी अंगठा, मंग पाय, मंग गेली. अंगठा वाचला पायजे, दोघांचं तेवढंच चाललेलं.

बाटलीला वयनीनी हात लावला नाय. चोरी तिला जमली नसती. पन वापरलेल्या बशीतलं गुलाबी पानी ब्लीच टाकून मोरीत वतायचं काम तिचंच. ब्लीच टाकायच्या आधीच थोडं थोडं ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत घ्यायला लागली. फेकायचंच तर हाय, बोलायची. त्यात ते प्रोटीन असनारच.

रोज संध्याकाळी दादा तिचा पाय मांडीवर घ्यायचा नि जखमेवर ते पानी सोडायचा.

"भरतेय काय वो?"

"भरतेय. कडेनी लाल झालीय बघ."

सून रंजिता विचारायची, हे काय लावता? वयनी बोलायची, कंपनीचं औषध.

तर बूट जाईना त्या दिवशी दुपारी वयनीला हुडहुडी भरली. भांडी धुवायच्या जागीच खाली बसली. नमितामॅडमनी बूट काढला नि सगळी लॅब नाक धरून मागं सरकली. मॅडम सरकली नाय. आपल्या गाडीत घालून तिला वाशीला हॉस्पिटलात नेलं नि दादाला फोन केला.

दादा पोचला तवा वयनी बडबडत होती. त्याला बघून बोलली, "आवो, बूट ऱ्हायला तिकडं. कोन घालील माजा."

"नाय घालनार कोनी," दादा बोलला.

डॉक्टरांनी सांगितलं, विष रक्तात गेलंय, ढोपराच्या वरून पाय काढायला लागेल, तरी सांगता येत नाय. मंग विचारलं, "जखमेवर काय लावत होतात?"

"हळद," दादा बोलला.

सही केली. पन ऑपरेशनला न्यायच्या आधीच वयनी गेली.

दादा रडला नाय. लोकं आली, बायका रडल्या, दादा खुर्च्या लावत होता. दहाव्याला खाडीवर चिखलात अनवाणी उतरला तवा कालवाचं शिंपलं पायात घुसलं. रक्त आलं. दादा तसाच घरी आला.

पाठोपाठ नमितामॅडम भेटायला आली. रंजितानी चा दिला. मंग दादानी विचारलं, "मॅडम, ते बशीतलं गुलाबी पानी, ते वंगाळ असतं काय?"

"वाईट असं नाही, काका. ते पेशींचं खाणं. पण बाहेर उघडं राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. म्हणून तर मावशींना सांगायचे, आधी ब्लीच..."

मॅडम थांबली. दादाकडं बघितलं. दादा जमिनीकडं बघत होता.

"काका, तुम्ही..."

"चा घ्या, थंड होतोय," दादा बोलला.

मॅडमनी कप उचलला नि तसाच हातात धरून बसली. जाताना दादाला नमस्कार केला.

दादाच्या तळव्याची चीर बरी खोल होती. रंजिता मलम घेऊन मागं लागलेली.

"बाबा, लावा ना. तुमाला पन साखर असली तर?"

"नाय मना."

"चेक तरी कुठं केलीय?"

दादानी मलम घेतलं नाय, हळद पन लावली नाय. पाय उघडाच ठेवून रोजच्यासारखा टेम्पो घेऊन तुर्भ्याला मार्केटात जायला लागला. धुळीत, पान्यात, कुठंपन.

एका सकाळी मोरीत पाय धुताना खपली निघाली नि पान्याबरोबर जाळीत गेली. खाली कातडी आलेली, सारखी, चीर कुठं होती ते शोधायला लागलं असतं. दादा नळ चालू ठेवून बघत बसला. बाहेर रंजिता ओरडली, "बाबा, पानी जाईल, पिंप भरायचंय अजून!"

दादानी नळ बंद केला.