फळ्यावरचं 'कावून'

गेल्या रविवारी तिसरीतल्या एका मुलीने माझीच शाळा घेतली...

मी मूळची नाशिकची, लग्न होऊन भिलाईला आले. इथली आपली मुलं आठवडाभर शाळेत हिंदी बोलतात, मराठी उरते ती घरापुरती. म्हणून दर रविवारी इथल्या रिसाली भागात मराठी मंडळाच्या खोलीत मी त्यांच्याकडून तासभर मराठी गोष्टी वाचून घेते.

माझा नियम एकच. पान उलटायच्या आधी त्या पानावर एक तरी प्रश्न विचारायचा. फळ्यावर मी मोठ्या ऐटीत लिहून ठेवते... कोण? कुठे? कधी? का? प्रश्न पडला की मूल गोष्टीत शिरतं, नाहीतर नुसती अक्षरं वाचून मोकळं होतं.

महिन्याभरापूर्वी समीक्षा नवीन आली. पहिल्याच पानाला तिने हात वर करून "कावून?" असं विचारलं, तर एका कार्ट्याने "काव काव" केलं आणि अख्खी खोली हसली. खरं सांगते, मीही हसले. वर तिला म्हटलं, "कावून नाही गं, का म्हणायचं."

त्यानंतर तीन रविवार ती गप्प. वाचायची छान, पण प्रश्नाची पाळी आली की मान खाली. मी आपलं ठरवून टाकलं, लाजाळू आहे पोरगी.

गेल्या शनिवारी सुपेल्याच्या बाजारात तिचे बाबा भेटले, इथल्या स्टील प्लांटमध्ये कामाला आहेत. "मॅडम, घरी तं पेपर वाचतानाही कावून-कावून करून डोकं खाते. तिथं विचारते ना?"

लाजाळू वगैरे काही नव्हती ती. तिचं तोंड मीच बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'का?'च्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'कावून?' लिहिलं. मुलांना सांगितलं, नागपूरकडचे आपले लोक असंच विचारतात, दोन्ही बरोबर. समीक्षा फळ्याकडे बघत राहिली.

गोष्ट होती एकट्या राहणाऱ्या आजीची. तिसऱ्या पानाला समीक्षाचा हात वर आला, अर्धाच. "आजी एकटीच राहते, तं ताटं दोन कावून वाढते?"

मी ती गोष्ट दहादा तरी वाचून घेतली असेल... चित्रातलं ते दुसरं ताट मला कधी दिसलंच नव्हतं! मग काय, खोलीत नुसता कल्ला. कुणी म्हणे पाहुणा येणार, कुणी म्हणे मांजरासाठी.

सुटल्यावर सगळे पळाले, ही मात्र चपला घालून दारातच उभी. "मॅडम, त्या दिवशी तुमी हासल्या कावून?"

प्रश्न विचारायला मीच शिकवत होते ना... "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. तिने जरा विचार केला, मान हलवली आणि बाबांच्या गाडीवर जाऊन बसली.

समीक्षा, तू यायचं बंद केलं असतंस तरी मला बोलायला तोंड नव्हतं. तू आलीस, थांबलीस आणि मलाच विचारलंस. थँक यू बाळा... 'कावून' आता मी फळ्यावरून पुसणार नाही.