क्रांतीची पहिली सॅक

मी शिकवत होते त्या थळच्या शाळेत खेळांचे दिवस होते. पाचवीच्या वर्गाबाहेर गर्दी दिसली, म्हणून मारामारी असेल असं समजून मी धावत गेले. मध्ये एक मुलगी फतकल मारून बसली होती आणि तिच्यापुढे कॅनव्हासच्या जुन्या बुटांचे जोड होते. ज्याला बूट लहान झाले त्याचे ती दुसऱ्याला देत होती, त्या दुसऱ्याचे तिसऱ्याला.

"घे, पण डाव्याचा तळ सुटलाय. आधीच सांगते," ती एकाला म्हणाली. खोट दाखवल्याशिवाय ती बूट हातात देत नव्हती.

ती मनुबाईची क्रांती. मनुबाई अलिबागच्या बाजारात सुकी मासळी विकते. त्या दिवसापासून हजेरी घेताना क्रांतीचं नाव आलं की मी मान वर करून बघू लागले.

पुढे ती कॉम्प्युटर शिकली आणि बेलापूरला नोकरीला लागली. सुट्टीत डोंगर चढायचं वेड लागलं. गेल्या वर्षी नोकरी सोडून घरी आली ती एक ॲप डोक्यात घेऊनच. लोक हौसेने तंबू, सॅक, डोंगरात चालायचे बूट घेतात, दोनदा वापरतात आणि माळ्यावर टाकतात. नव्याने चढू लागलेल्या पोरांना तेच परवडत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायची. ॲपचं नाव 'दुसरी फेरी'.

एका सकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि फोन माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही वापरून बघा. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल."

"टोमणा मारतेस की मान देतेस?"

"दोन्ही!"

सरावासाठी मी कोपऱ्यातल्या छत्रीचे फोटो काढले, माहिती भरली, मग इथे तिथे बोट लावलं आणि पाहते तर छत्री खरोखरच विक्रीला लागलेली. क्रांती टाळ्या वाजवत उठलीच. "म्हणजे विकायचं बटण फारच सोपं झालंय! त्याच्या आधी एकदा विचारायला हवं." तिथेच बसून तिने ते बदललं. पण एक गोष्ट ती कुणाच्याही सांगण्यावरून बदलायला तयार नव्हती. वस्तूची खोट लिहून तिचा फोटो टाकल्याशिवाय ॲप पुढे सरकतच नसे. छत्रीची मोडकी काडीसुद्धा मला दाखवावी लागली होती.

पालीच्या एका ट्रेकिंग ग्रुपने तिला शब्द दिला होता. एक व्यवहार करून बघू, नीट झाला तर ग्रुपचं सगळं जुनं सामान 'दुसरी फेरी'वर. नाही झाला तर पुन्हा बेलापूरची नोकरी, हे क्रांतीने आईला सांगून टाकलं होतं. मनुबाईने त्यावर नुसतं "बरं" म्हटलं होतं, पण पोरगी घरी राहावी म्हणून तिचा जीव किती टांगणीला लागला होता, ते मला दिसत होतं.

पहिली वस्तू होती क्रांतीचीच निळी सॅक. घेणारी होती त्या ग्रुपची प्राप्ती. सॅक एसटीने पालीला गेली. दुसऱ्या दिवशी मी क्रांतीकडे चहाला बसले असताना प्राप्तीचा फोन आला. क्रांतीने उत्साहाने तो स्पीकरवर टाकला.

"अगं, तुझ्या सॅकमध्ये काहीतरी मेलंय!"

क्रांतीचा चेहरा उतरला. चुलीपाशी बसलेली मनुबाई मात्र तिथूनच गरजली, "मेलंय काय? सोडं हाईत ती! चांगली कडक उन्हात वालवलेली!"

"आई! तू सॅकमध्ये सुक्या कोळंबीचे सोडे घातलेस?"

"मग? रिकामी पिशवी कोनी कोनाच्या घरी धाडतं का? अवलक्षन हाय ते. आतल्या खिशात मूठभर घातली."

"आमच्या घरी मासळी चालत नाही हो मावशी," पलीकडून प्राप्ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आईने सॅक अंगणाबाहेर काढलीये."

मनुबाईचा हात कपाळाला गेला. ग्रुपचा शब्द, पोरीचं ॲप, सगळं आपण एका मुठीने घालवलं, हे तिला तेव्हाच कळलं.

क्रांती मात्र वाद घालत बसली नाही. "पैसे परत करते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला आणि 'दुसरी फेरी' उघडलं. निळी सॅक पुन्हा विक्रीला लावली. खोटेच्या जागी लिहिलं: 'आतल्या खिशाला सोड्यांचा वास. चूक विकणाऱ्याच्या घरची.' पालीचा अख्खा ग्रुप ते वाचणार होता.

"सगल्यांना कशाला सांगतेस गो?" मनुबाई पुटपुटली.

"आधी सांगायला हवं होतं. राहिलं, ते आता सांगते."

चहा निवला तरी कुणी कपाला हात लावला नाही. मग फोन वाजला. पुन्हा प्राप्तीच होती, पण आता हसू आवरत नव्हतं तिला.

"क्रांती, इथे भांडणं लागलीत! ग्रुपमधल्या दोघांना तीच सॅक हवीये. एक विचारतोय, सोडे सोबत मिळणार ना? आणि ऐक, सगळे म्हणतायत, जी स्वतःच्या मालाची अशी खोट लिहिते, तिच्याकडे आमचं सामान द्यायला हरकत नाही. कधी येतेस तंबू बघायला?"

क्रांती उडीच मारून उठली. मनुबाईने पदर खोचला, डबा उघडला आणि विचारलं, "दोघांनाबी धाडू ना सोडं?"

आता ॲपमध्ये क्रांतीच्या घरून निघणाऱ्या प्रत्येक वस्तूखाली एक प्रश्न येतो: 'आईची भेट हवी की नको?' प्राप्तीने पुढे तंबू घेतला, तेव्हा 'नको' निवडलं. मनुबाईने तिला खोबरं धाडलं.

क्रांती थळलाच राहते. दर शनिवारी सामान बघायला पालीला जाते, आणि घरून सॅक पाठवण्याआधी तिचे सगळे खिसे उलटे करून बघते.