पालथा हंडा

निशा शिगवणच्या घरात नळाला चोवीस तास पाणी येतं. कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडी स्टेशनकडे, तिसरा मजला, लिफ्ट चालू. तरी तिच्या मोरीत दोन निळे ड्रम, गॅलरीत एक, ओट्याखाली तीन कळशा, पलंगाखाली पाच कॅन, शिवाय हंडे-पातेली मिळून चौदा भांडी कायम काठोकाठ भरलेली. मी गेले की चपला काढता काढता विचारायचे, "काय गं, धरण किती टक्के?"

ती हसायची. हसता हसता हात मात्र कुठल्या तरी झाकणाकडे जायचा.

गेल्या ऑक्टोबरात हसण्यावारी न्यायचे दिवस संपले. तिची मुलगी सान्वी, वय दहा, डेंग्यूने पाच दिवस हॉस्पिटलात होती. बरी होऊन घरी आली आणि चारच दिवसांनी आरोग्य खात्याची बाई टॉर्च घेऊन घरोघर तपासत आली. गॅलरीतल्या ड्रमचं झाकण तडकलेलं. आत टॉर्च मारून ती म्हणाली, "ताई, इकडे या. हे बघा." पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. बाईने सांगितलं, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, वाळवायची, मगच भरायची. डॉक्टरांनी आधीच बजावलेलं की दुसऱ्यांदा डेंग्यू झाला तर पहिल्यापेक्षा भारी पडू शकतो.

निशाचा नवरा हितेश भांडणारा माणूस नाही. त्याने दिवाळीच्या सुट्टीचं निमित्त केलं, सान्वीचे कपडे भरले आणि तिला ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. जाताना दारात एवढंच म्हणाला, "घर कोरडं झालं की आणतो. तोवर नाही."

शाळा उघडायला अठरा दिवस होते.

तुम्ही म्हणाल, पोरीसाठी आई काय वाट्टेल ते करेल, चौदा भांडी ओतायची म्हणजे काय मोठं काम? मीही तेच म्हणाले. निशा ड्रमला हात लावायची आणि तिची बोटं गार पडायची. कानात दडे बसायचे, श्वास पुरायचा नाही, मग ती फरशीवर बसून राहायची. हीच निशा ठाण्यात एका दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं कामाला आहे. अवजारं उकळणं, माल मागवणं, घाबरलेल्या पेशंटचा हात धरणं, सगळं तिच्याकडे. डॉक्टरीण बाई म्हणतात, निशा असली की आमच्याकडे काही संपत नाही. एकदा खुर्चीतच पेशंटला फेफरं आलं तेव्हा बाईंच्या आधी हिने त्याला कुशीवर वळवलं होतं. एवढी खंबीर बाई एका ड्रमपुढे गळून जाते हे मला पटतच नव्हतं.

हितेशचा मला फोन आला. "ताई, तुम्ही सांगून बघा. तुमचं ऐकते ती."

मी गेले. अर्धा तास समजावलं. ती नुसती मान हलवत होती. "उद्या करते ताई. उद्या नक्की." माझं डोकं फिरलं. मी पाण्यासाठी ऑफिसरांच्या टेबलावर रिकामे हंडे आपटलेली बाई, मला धीर नावाची गोष्ट माहीत नाही. उठले आणि गॅलरीतला ड्रम धरून आडवा केला. दोनशे लिटर पाणी भसकन गॅलरीभर झालं, खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं.

निशा ओरडली नाही. ती गुडघ्यावर बसली आणि ते पाणी दोन्ही हातांनी ड्रमकडे ओढायला लागली. अडतीस वर्षांची बाई. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, तू जा."

पाच दिवस तिने माझा फोन घेतला नाही. मी रागात होते, पण कोणावर ते नक्की सांगता येत नव्हतं.

निशा आणि मी दिवा स्टेशनजवळ एकाच चाळीत वाढलो. मी तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सतरा घरांना एक नळ, एक दिवसाआड पाणी, दुपारी चारला, जेमतेम चाळीस मिनिटं. बायका सकाळीच रिकामे हंडे रांगेत ठेवून नंबर लावायच्या. आणि आमच्या चाळीचा एक कायदा होता, कोणी लिहिलेला नाही, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. ज्या घरात आजारपण, बाळंतपण किंवा मयत असेल, त्या घराचा हंडा रांगेत पालथा ठेवायचा. नळ आला की आधी पालथे हंडे सरळ करून भरायचे. कोणाचा, का, काही विचारायचं नाही.

निशा नऊ वर्षांची असताना तिच्या आईचं, शेवंतीकाकूंचं, बाळ जन्मून दुसऱ्या दिवशी गेलं. त्यानंतर काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवण नाही, बोलणं नाही. तेव्हा त्याला कोणी आजार म्हटलं नाही. बाप म्हणायचा, नाटकं करते. आणि निशाला म्हणायचा, घरातली गोष्ट बाहेर गेली तर बघ. म्हणून त्यांचा हंडा कधी पालथा झाला नाही. निशा सकाळी तो सरळ ठेवून शाळेत जायची आणि साडेचारला धावत यायची. पाणी भरलेलं नसलं तर बापाचा हात सुटायचा.

एक दिवस ती तापाने शाळेत गेली नाही, नळाजवळच बसली आणि तिला झोप लागली. उठली तेव्हा नळ गेलेला, हंडा कोरडा. त्याच संध्याकाळी मामा आला आणि शेवंतीकाकूंना गावी, खेडला घेऊन गेला. काकू अकरा महिन्यांनी परत आल्या. नऊ वर्षांच्या पोरीने आपला हिशोब तिथेच मांडला होता. मी झोपले, पाणी नाही आलं, आई गेली.

मोठी झाल्यावर तिला कळलं ना, की असं काही नसतं. डोक्याला कळलं. हातांना कोण सांगणार?

सहाव्या दिवशी मी माझ्या आईसमोर हे सगळं ओकले. आई, म्हणजे शीलाकाकू, अजून दिव्यातच राहते, चाळ पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये. ती मेथी निवडत होती. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ड्रम ओतलास? तुला काय अक्कल?"

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"तिला विचारायचं होतंस, तुझा नंबर रोज एवढा लवकर कसा लागायचा."

"म्हणजे?"

"सरळ ठेवलेला हंडा साडेचारपर्यंत भरलेला मिळायला त्याला काय पाय फुटलेले? ती शाळेत गेली की मी तो पालथा करायची. रांगेतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं, पोराटोरांना नाही. भरून झाला की बाजूला सरळ ठेवायचो, पोरीला वाटावं आपलाच नंबर लागला. बापाच्या कानावर गेलं असतं तर तिलाच मार पडला असता."

मग आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "आणि त्या दिवशी मी कळव्याला भाचीच्या साखरपुड्याला गेलेले. जाताना कोणाला तरी सांगून जायला पाहिजे होतं. एवढ्या वर्षांत ते काही जात नाही मनातून."

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन कल्याणला गेले. निशाने दार उघडलं, मला बघून तोंड फिरवलं, पण आईच्या पाया पडली. आईने चहासुद्धा घेतला नाही, आधी सगळं सांगितलं. निशा ऐकत होती. शेवटी विचारलं, "रोज?"

"पाण्याच्या दिवशी. वर्षभर तरी."

"मला वाटायचं मी हुशार. पहिला हंडा कुठे ठेवायचा ते मला बरोबर कळतं."

"हुशार होतीसच गं. पण नळ हुशारीवर चालतो होय?"

निशा हसली आणि हसता हसता रडायला लागली. बराच वेळ रडली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "झोपलीस म्हणून नाही राहिलं पाणी. मी नव्हते म्हणून राहिलं. आणि तुझी आई गावी गेली ती बाळाच्या दुःखाने, पाण्याने नाही."

मी माफी मागितली. मला ती मागता येत नाही, त्यामुळे फार वाईट मागितली. निशा म्हणाली, "खालच्यांच्या गॅलरीतली रांगोळी गेली. त्यांची मागून ये."

आता एवढ्याने ती बरी झाली असं मी लिहिणार नाही, खोटं होईल. त्याच आठवड्यात मी तिला सरकारी हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, पाणी येतंय हे तुमच्या डोक्याला माहीत आहे, अंगाला माहीत नाही, अंगाला हळूहळू दाखवायचं. रोज एक भांडं. रिकामं करायचं, घासायचं, तसंच ठेवून भीती ओसरेपर्यंत बाजूला बसायचं. पहिल्या कळशीला पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी तिने ओतलेलं पातेलं मी वळताच परत भरलं. मी तोंड उघडलं होतं, आईची आठवण झाली, मिटलं.

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी तिने पूर्ण कोरडा दिवस करायचं ठरवलं. सगळी भांडी गॅलरीत उलटी. आणि दाराबाहेर, उंबऱ्याला लागून, एक हंडा पालथा. समोरच्या ब्लॉकमधली क्षिप्रा दूध घ्यायला बाहेर आली आणि थांबली. "वहिनी, हे काय? कोणाची पूजा?"

"नाही. आज आमच्याकडे पाणी नाही. लागलं तर तुमच्याकडे मागणार."

"नळाला येतंय की."

"येतंय. तरी."

क्षिप्राने निशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं. एक बादली भरून ठेवते. बेल वाजवा, नाहीतर नुसतं दार ढकला, उघडंच असतं."

लहानपणी जे मागायची बंदी होती ते निशाने त्या दिवशी मागितलं. बादली लागली नाही. बेल दोनदा वाजवली, दोन्ही वेळा नुसती बादली बघून परत आली.

आमच्या वस्तीत कार्यक्रमाला पाहुणे येतात आणि सांगतात, तुम्ही कष्टातून घडलात, कष्टानेच माणूस कणखर होतो. ऐकून माझं रक्त तापतं. रिकाम्या हंड्याने कोणी घडत नाही. निशाला घडवलं असेल तर हंडा पालथा करणाऱ्या हातांनी, आणि त्या रांगेने जे केलं ते तिचं शरीर तीस वर्षं भोगतंय. दोन्ही खरं आहे. पाहुण्यांनी दोन्ही बोलावं, नाहीतर हार घेऊन जावं.

रविवारी हितेश घरी आला, मोरी बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं, आणि ठाण्याला बहिणीला फोन लावला. संध्याकाळी सान्वी आली. दारातच हंड्याला अडखळली. "आई, हा इथे का?"

"राहू दे तिथेच. शनिवारचा आहे."

सान्वी त्यावर बसून बूट काढायला लागली.

आता तिच्याकडे एक ड्रम आहे, घट्ट झाकणाचा. बाकीचे तिने दिले. मी शनिवारी फोन करते. "काय गं, धरण किती टक्के?"

"शून्य," ती म्हणते. कधी आवाज थोडा कापतो. मागे सान्वी हंड्यावर ठेका धरून वाजवत असते आणि निशा तिला ओरडते, "अगं हळू, पोचा पडेल."