तहसीनचे कापलेले श्वास

"साहेब, माझी लेक खोटारडी न्हाय हो!" रफिकभाई मोबाइल माझ्यापुढं धरून उभे होते. ते आमच्या धाराशिवच्या रेडिओ केंद्राचे ड्रायव्हर.

मी मेल वाचला आणि जागच्या जागी गार पडलो. त्यांची तहसीन रेडिओचा कोर्स करते. आमच्या क्षेत्रातली एक संस्था अशा मुलांना शिष्यवृत्ती देते. त्यातली एक जागा केंद्रातल्या कर्मचाऱ्यांच्या लेकरांसाठी. अर्जासोबत पाच मिनिटांचं वाचन रेकॉर्ड करून पाठवायचं. मेलमध्ये होतं, 'आवाज संगणकाने तयार केलेला आहे. अर्ज बाद. पुढेही अर्ज करता येणार नाही.'

संगणकानं? अहो, पोरीनं माझ्यासमोर स्टुडिओत बसून वाचलं होतं!

पाठवलेली फाइल लावली, हेडफोन घातला. मिनिटभरात चूक ध्यानात आली. तहसीन एकदाही श्वास घेत नव्हती, यंत्रासारखी सलग वाचत होती.

आमची सवयच तशी. रेकॉर्डिंग झालं की मी एडिटला बसतो. खोकला, 'अं', अडखळणं कापून टाकतो, श्वाससुद्धा. हिच्यासाठी तर लईच जीव ओतला होता. आणि काम संपलं की मूळ फाइल पुसून टाकायची, ही दुसरी सवय. म्हणजे हातात पुरावा काहीच नाही.

केंद्रप्रमुख मॅडमना सांगितलं.

"जाधव, तुम्ही पोरीचे श्वास कापले?"

"व्हय मॅडम."

"अहो, शिष्यवृत्तीची यादी आज चारला लागणार आहे!"

त्यांनी लगेच निवड समितीच्या सरांना फोन लावला, स्पीकरवर. मी सगळं कबूल केलं.

"मूळ रेकॉर्डिंग पाठवा," सर म्हणाले.

"पुसलं, सर."

"मग मी कशावर विश्वास ठेवू?"

दारातून रफिकभाई बोलले, "पोरीलाच ऐका ना साहेब. जितीजागती हाय."

तहसीन तेव्हा परंड्याच्या स्टँडवर होती. तिला कॉन्फरन्सवर घेतलं, काय झालं ते सांगितलं. "समोर दिसेल ते वाच," सर म्हणाले. तिनं गाड्यांचं वेळापत्रक वाचायला घेतलं. कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा. मागं हॉर्न वाजत होते. कुणीतरी खेकसलं, "ए बाई, सरक की तिकडं!" ती थांबली, धाप लागलेली, "सॉरी सर" म्हणत हसली आणि पुन्हा वाचू लागली. प्रत्येक गावाच्या नावाआधी तिचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुरे," सर म्हणाले. "आवाज हाच आहे. पण जाधव, तुमची ती फाइल ऐकून कुणीही फसलं असतं."

चारला यादी लागली. तहसीनचं नाव होतं. रफिकभाईंनी मला मिठी मारली. माझी मान काही वर होईना.

पुढच्या वर्षीच्या अर्जात एक ओळ वाढली, 'रेकॉर्डिंग एडिट न करता पाठवावे.' चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कामामुळं बदललेला हा एकच नियम.