आवाज काऊन नाही याले?

चार माणसं दर रविवारी एकत्र बसून सिनेमा पाहायला लागली, की सिनेमे विसरले जातात आणि किस्से साचत जातात. आमचं जळगाव जामोदचं मंडळ असंच. लग्नांचं शूटिंग करणारा अनंता, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा गजानन, कॉलेजातले सर आणि मेडिकलवाला मी. जागा अनंताचा स्टुडिओ, पडदा म्हणजे मागची पांढरी भिंत. सरांनी कुठूनतरी एक पेनड्राइव्ह पैदा केला होता. त्यात जपानी प्रायोगिक सिनेमे. आपलंच घर, आपलीच माणसं कॅमेऱ्यात धरून ठेवणाऱ्या लोकांचे.

*

पहिल्याच सिनेमात एक खिडकी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, खिडकीच! गजानन उठला आणि त्यानं लॅपटॉपला टपली मारली. "हँग झालं बे हे!"

तेवढ्यात खिडकीतून मांजर गेलं.

"चालू हाय, चालू हाय!" म्हणत तो बसला. पण त्याची शंका फिटेना. "सर, आवाज काऊन नाही याले?"

सर डोळे मिटून म्हणाले, "मौन हीच या माणसाची भाषा आहे!"

आम्ही माना डोलावल्या. सिनेमा काढणारा कायम कॅमेऱ्यामागे, त्यामुळे कुणाचे ओठ हलताना दिसायचा प्रश्नच नव्हता.

*

एकानं तर फिल्मवर सुईनं ओरखडे काढले होते. भिंतीवर नुसत्या रेघा नाचत होत्या. अनंता म्हणाला, "असं फुटेज म्या देलं असतं, तं नवरदेवाच्या बापानं मले मांडवाच्या खांबाले बांधलं असतं!"

*

पण नाद लागला तो अनंतालाच. देऊळगाव राजाच्या एका लग्नात त्यानं नवरीच्या मामाचा चेहरा एकदाही घेतला नाही. मांडवाबाहेर काढून ठेवलेल्या मामाच्या चपला मात्र किती तरी वेळ! मामा तणतणत स्टुडिओत आले. "मी काय नुसता पायानंच आलतो का लग्नाले?"

"मामा, त्या चपलांत तुमची सारी जिंदगी दिसून राह्यली!"

मामांना काही ती दिसली नाही. त्यांच्या घरची पुढची दोन्ही लग्नं अनंताच्या हातून गेली.

*

मग त्यानं आपल्या आईलाच धरलं. बाई भलतीच बोलकी! डोकेदुखीची गोळी घ्यायला दुकानात यायची आणि तिची हकिगत ऐकता ऐकता एक गोळी मला लागायची. अनंता तिला स्वयंपाक करताना, शेंगा फोडताना, शेजारणीशी भांडताना शूट करायचा आणि दर वेळी आधी माइक बंद करायचा. "नुसतं मौन पाहिजे, सर!" सरांनी त्याची पाठ थोपटली. आम्हीही वाहवा केली.

त्या दिवाळीच्या तोंडावर ती बसल्या बसल्या गेली. दुकानात अजूनही तिच्या वेळेला मान वर होते.

*

पुढच्या गणपतीत गजाननानं नवा स्पीकर घेतला आणि हौसेनं लॅपटॉपला जोडला. तोच खिडकीचा सिनेमा लावला. मांजर यायच्या आधीच एक माणूस हळू आवाजात बोलायला लागला. बोलतच राहिला. मध्येच हसलासुद्धा.

"सर, हा तं बोलते बे!"

आमच्या जुन्या स्पीकरची वायर आतून तुटलेली होती, एवढंच ते जपानी मौन! आम्ही पोट धरधरून हसलो. मग अनंताकडे लक्ष गेलं. तो स्पीकरकडे बघत होता. आईच्या साऱ्या शूटिंगमध्ये माइक बंद, आणि तिचा आवाज त्याच्याकडे दुसरीकडे कुठंच नव्हता. घरातल्या माणसाचा फोन कोण रेकॉर्ड करतो! फार वाईट वाटलं. सर त्या दिवशी चहा न पिताच गेले.

*

वर्षश्राद्धाला अनंतानं घरच्या भिंतीवर आई लावली. ओट्यावर आई मेथी निवडते आहे, शेजारी उंद्रीची मावशी. आईचं तोंड अखंड चालू. मध्येच ती थांबते, थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी विचारते. कॅमेरा वरखाली हलतो. ती खूश होते आणि पुन्हा बोलायला लागते.

अनंतानं तिथंच थांबवलं. मावशी आमच्यातच बसली होती.

"मावशी, तू तं तिथंच होती. काय म्हणे आई?"

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"तुलेच इचारे, 'माहा आवाज येऊन राह्यला ना रे याच्यात?' अन् तू मान हालवून 'हाव' म्हटलं."